खेळाडू कोणाचा नोकर?

(दृश्य: लंडन, ग्रेज इनचे आवार.)

खेळाडूंचे नोकरीचे खटले चालवणाऱ्या बॅरिस्टरची वाट इथून सुरू होते. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हायचे तर इन म्हणजे बॅरिस्टरांच्या चार जुन्या संस्थांपैकी एकीचे सभासद व्हावे लागते : लिंकन्स इन, इनर टेम्पल, मिडल टेम्पल किंवा ग्रेज इन. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये याच ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले आणि १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

आजही सनदेनंतर प्युपिलेजचे, म्हणजे उमेदवारीचे, बारा महिने काढावे लागतात. पहिले सहा अनुभवी बॅरिस्टरबरोबर राहून शिकायचे, पुढचे सहा स्वतः खटले चालवायचे. खरी गाळणी इथेच लागते. उत्तीर्ण होणारे पुष्कळ आणि प्युपिलेजच्या जागा मोजक्या. त्यानंतर चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, कायमची जागा. तिथे प्रत्येक बॅरिस्टर स्वतंत्र व्यावसायिक असतो, जागेचा आणि कर्मचाऱ्यांचा खर्च तेवढा वाटून घेतलेला. काम आणायचे आणि फी ठरवायची ती क्लार्कने.

(दृश्य: नोकरीविषयक तंटे ऐकणाऱ्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलची साधी खोली. विग नाही, झगा नाही.)

नामांकित खेळाडूंचे खटले सुरुवातीला कोणी हाती देत नाही. आधी गोदामातले कामगार, ड्रायव्हर, परिचारिका. यात पहिला घात तारखेचा होतो. अन्यायकारक बडतर्फीच्या दाव्याची मुदत वर्षानुवर्षे तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी राहिली : १० मार्चला काढले, तर ९ जून शेवटचा दिवस. त्याआधी अ‍ॅकास या संस्थेकडे समेटासाठी नोंद करावी लागते. त्या काळात घड्याळ थांबते. दिवस मोजण्यात चूक झाली, तर बाजू कितीही भक्कम असो, दावा दाराबाहेरच राहू शकतो.

दुसरी चूक उलटतपासणीत होते. चोरीच्या आरोपावरून माणूस काढला असेल, तर नवखा बॅरिस्टर चोरी झालीच नाही हे सिद्ध करायला धावतो. ट्रायब्युनल ते तपासत नाही. मालकाचा खरोखर तसा विश्वास होता का, त्याला वाजवी आधार होता का, आणि पुरेशी चौकशी झाली होती का, हे १९७८ च्या बर्चेल निकालातले प्रश्न तिथे विचारले जातात. म्हणून प्रश्नांचा रोख हवा तो चौकशी अधिकाऱ्यावर : कोणाला विचारले, कोणाला नाही, सीसीटीव्हीचे चित्रण पाहिले का, आणि ही नोंद फाइलच्या कोणत्या पानावर आहे.

(दृश्य: न्यूकॅसलचे सेंट जेम्स पार्क मैदान.)

क्रीडा कायद्यात बडतर्फीच्या दाव्याचे हेच हत्यार चालते. सप्टेंबर २००८ मध्ये केव्हिन कीगन यांनी न्यूकॅसल युनायटेड या फुटबॉल क्लबचे मॅनेजरपद सोडले. त्यांच्या मनाविरुद्ध क्लबने एक खेळाडू उसनवारीवर घेतला होता. खेळाडू निवडण्याचा अंतिम अधिकार करारात स्पष्ट लिहिलेला नव्हता. मॅनेजरपदाबरोबर सहसा येणारी कामे, एवढेच होते. लवादाने त्या ढोबळ शब्दांतूनच अधिकार काढला आणि राजीनामा ही प्रत्यक्षात क्लबने केलेली बडतर्फी ठरवली. भरपाई मात्र २० लाख पौंडांवर अडली, कारण करारातल्या कलमाने ती मर्यादा आधीच घातली होती. अशा दाव्यात राजीनामा लांबवणेही महागात पडते. करारभंगानंतर माणूस निमूटपणे काम करत राहिला, तर त्याने तो भंग स्वीकारला असे धरले जाऊ शकते.

सायकलपटू जेस वार्निशचा खटला आम्हांला त्याहून महत्त्वाचा वाटतो. २०१६ मध्ये तिला ब्रिटिश सायकलिंग या राष्ट्रीय संघटनेच्या कार्यक्रमातून वगळले. दाद मागण्याआधीच प्रश्न उभा राहिला : ती नोकर होती का? तिच्या सरावावर आणि वेळापत्रकावर संस्थेचा कडक ताबा होता. पण पैसा यूके स्पोर्ट या सरकारी क्रीडा संस्थेकडून अनुदान म्हणून येत होता आणि कामाबद्दल वेतन हा व्यवहारच ट्रायब्युनलला दिसला नाही. ती ना कर्मचारी ठरली, ना कामगार (तिथल्या कायद्यात हा कमी हक्कांचा वेगळा वर्ग). २०२० मध्ये अपीलही फेटाळले गेले. पदकांसाठी आयुष्याची उमेदीची वर्षे देणाऱ्यांना कामगार कायद्याचे छत्र नाही, हे आम्हांला अजूनही खटकते.

(दृश्य: स्वित्झर्लंडमधले लोझान.)

जागतिक क्रीडा लवादात मुदत आणखी आखूड. संघटनेच्या नियमांत वेगळे काही नसेल, तर निर्णय हाती आल्यापासून अपिलाला २१ दिवस. अर्जाचे परत न मिळणारे शुल्क १,००० स्विस फ्रँक. ऑलिंपिकच्या काळात विशेष कक्ष शक्यतो २४ तासांत निकाल देतो. पॅरिसमध्ये २०२४ मध्ये कुस्तीपटू विनेश फोगाटचा अर्ज याच कक्षापुढे गेला. तिच्या बाजूने उभे राहिलेले हरीश साळवे नागपुरात वाढलेले आणि लंडनच्या ब्लॅकस्टोन चेंबर्सचे बॅरिस्टर. वजन १०० ग्रॅमने जास्त भरले होते. नियमाचे परिणाम कठोर आहेत हे मानूनही, त्यात सवलतीला जागा नाही म्हणून १४ ऑगस्टला अर्ज फेटाळला गेला. यापुढची वाट स्विस संघीय न्यायालयाची, मुदत ३० दिवस. तिथे निकाल चुकला एवढे सांगून भागत नाही. कार्यपद्धतीतल्या गंभीर दोषासारखी मोजकीच कारणे चालतात.