यावलची केळी आणि नववीचा वर्ग
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संपादित)

राम राम बठ्ठासले!

मी यावल तालुक्यातल्या एका हायस्कुलात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सध्या इथे परदेशात लेकीकडे मुक्कामी आहे. आपल्या मंडळाने विचारलं, खानदेशातल्या पोरांना जगाची ओळख कशी करून देता? त्यावरच थोडं बोलते.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं ठरवली. त्यांत चौथं शिक्षणाचं. २०३० पर्यंत सर्व विद्यार्थ्यांना जागतिक नागरिकत्वाचंही शिक्षण मिळावं, असं त्यात म्हटलं आहे. शाळाशाळांत मात्र त्याच्या नावाखाली देशोदेशीचे झेंडे रंगवले जातात, नाहीतर परदेशातल्या वर्गाशी व्हिडिओ कॉल होतो. "आवाज येतोय का?" यात निम्मा तास जातो, उरलेला हात हलवण्यात. पोरं खूश होतात, तेवढं खूश त्यांनी व्हावंच. पण माझ्या मते दोन वर्गांना जोडायचं तर दोघांपुढे एकच खरा प्रश्न हवा, आणि दोघांनीही त्यासाठी काहीतरी बघून, मोजून आणायला हवं.

आमचा प्रश्न केळीचा. रावेर-यावलच्या पोराला मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड), कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), पिलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली) सांगावी लागत नाही. त्याला हे ठाऊक नसतं, की त्याच्या बागेतली ग्रँड नैन जात आणि इथल्या दुकानात मिळणारी केळी एकाच कॅव्हेंडिश कुळातली. परवा मी इथल्या दुकानात फण्या उलटसुलट करून पाहिल्या. स्टिकरवर कुठे ग्वाटेमाला, कुठे इक्वेडोर, कुठे कोस्टा रिका. फोटो काढून वर्गाच्या ग्रुपवर टाकले. लगेच प्रश्न आले: तिथे घड कोण कापतं? रोजची मजुरी किती मिळते? दुकानातल्या भावातला शेतकऱ्याच्या हातात किती पडतो?

हे प्रश्न मला पाठ्यपुस्तकापेक्षा मोलाचे वाटतात. त्यांच्याच जोडीला रोगाचा प्रश्न येतो. पूर्वी जगाच्या बाजारात ग्रो मिशेल जातीची केळी असायची. बुरशीमुळे झाड वाळवणाऱ्या मर रोगाने तिचे मळे गेले आणि १९५०-६०च्या दशकांत तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशवर आला आहे. तो २०१९ साली कोलंबियात सापडला, आपल्याकडे बिहारमध्येही सापडला आहे. बुटाला चिकटलेल्या मातीतून, रोगट कंदातून तो पसरतो आणि जमिनीत वर्षानुवर्षं टिकतो. ज्या पोराच्या घरची बाग आहे, त्याला कोलंबियातल्या शेतकऱ्याचं दुःख वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तंत्रज्ञान त्यासाठी साधंच पुरतं. पालकाचा फोन, दोन्ही वर्गांनी मिळून भरायचा एक गुगल शीट आणि दोन-तीन मिनिटांचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ. तुमच्याकडे सकाळ तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ, वर लाइट जाते, म्हणून मी थेट कॉल शेवटी ठेवते. पत्रव्यवहार शिक्षकांच्या खात्यावरूनच. मुलांचे नंबर कुणाला द्यायचे नाहीत, यात मी तडजोड करत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. भारत-पाकिस्तानसारख्या देशांतल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून एकमेकांशी बोलतं केलं. आणि आपल्या अमळनेरात, १९२४ नंतरच्या काळात, साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढत होते. मुलांपर्यंत बाहेरचं जग पोहोचवण्याची ही ओढ खानदेशात जुनी आहे.

तुमच्याकडे मला टॅब्लेट किंवा देणगी मागायची नाही. तुमच्या मुलांच्या शाळेतल्या एका शिक्षकाशी माझी गाठ घालून द्या. त्यांच्या मुलांनी दुकानातला भाव आणि स्टिकर नोंदवावेत, आमच्या मुलांनी बागेतला भाव, पाणी आणि मजुरी. कांदेबागेची लागवड ऑक्टोबरात असते. तोवर जोडी जमली तर रोप लावण्यापासून घड कापेपर्यंत सगळं दोन्ही वर्गांना दिसेल. नावं मंडळाच्या चिटणीसांकडे द्या, मी स्वतः फोन करीन.