नरक्याच्या डहाळीतील बुरशी

सह्याद्रीच्या पावसाळी जंगलात, उंच वृक्षांच्या सावलीत वाढणारे हे लहानसे झाड म्हणजे नरक्या. याच्या खोडात आणि मुळांत कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य असते. डीएनएचा पीळ सैल करणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला ते जागीच जखडून ठेवते आणि त्यामुळे विभाजन पावणारी कर्कपेशी मरते. मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत हे द्रव्य एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ मध्ये ते आपल्या नरक्यातही आढळले आणि या झाडावर कुऱ्हाड येऊ लागली.

आता प्रयोगशाळेतील या डहाळीकडे पाहावे. ती बोटभर लांबीची आहे आणि एवढ्याने झाडाला काहीही इजा झालेली नाही. प्रथम ती वाहत्या पाण्याखाली धुतात, मग अल्कोहोलमध्ये आणि सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ठरावीक वेळ बुडवतात, जेणेकरून सालीवरचा प्रत्येक जंतू मरावा आणि आतला तेवढा जगावा. शेवटच्या धुण्याचे पाणीही वेगळ्या पेट्री डिशमध्ये घालून ठेवतात. त्यात काही उगवले, तर सारी मेहनत वाया जाते. मग डहाळीचे तुकडे बटाट्याचा अर्क, डेक्स्ट्रोज आणि अगार यांच्या थरावर ठेवतात. काही दिवसांनी कापलेल्या कडेतून पांढरे तंतू बाहेर येतात. हीच ती एंडोफाइट, म्हणजे झाडाच्या ऊतींत, त्याला रोगी न करता राहणारी बुरशी.

नरक्यातून मिळालेली अशी एक बुरशी झाडाबाहेर, निव्वळ फ्लास्कमध्येही कॅम्पटोथेसिन तयार करते, हे जम्मूच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. झाड न तोडता औषध मिळण्याची वाट त्यातून दिसली.

मात्र फ्लास्कमध्ये मिळणारे प्रमाण अत्यल्प असते, शिवाय एका डिशमधून दुसरीत वारंवार वाढवत गेल्यास अशा बुरशांची ही क्षमता घटत जाते. इरिनोटेकॅन आणि टोपोटेकॅन या कर्करोगावरील औषधांसाठी लागणारे मूळ द्रव्य अजूनही प्रामुख्याने झाडांतूनच येते. साठवणीतील बुरशी क्षीण झाली, की संशोधकांना नव्या डहाळीसाठी पुन्हा जिवंत नरक्याकडे यावे लागते.

सह्याद्रीच्या उतारांवर मात्र आता तोडलेल्या नरक्याचे बुंधे दिसतात.