देवगिरी : तासलेला डोंगर

वेरूळच्या वाटेवर सपाट रानातून एकाएकी वर आलेला, सुमारे २०० मीटर उंचीचा हा डोंगर म्हणजे देवगिरी. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारून येथे यादवांची राजधानी वसवली आणि त्याचा नातू सिंघण याच्या काळात हे राज्य वैभवाच्या शिखरावर पोहोचले.

आता हा कडा पाहा. डोंगराचा खालचा भाग सुमारे ५० मीटर उंचीपर्यंत असा उभा तासला आहे, की त्यावर घोरपडीलाही पकड मिळू नये. पायथ्याशी खडकातच खोदलेला खंदक आहे आणि त्यापलीकडे, डोंगराच्या पोटातून वळणे घेत वर चढणारी ही अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. तिच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून निखारे पेटवले, की आतला शत्रू धुरानेच कोंडला जाई. हे काम एका राजवटीत झालेले नाही. यादवांनंतरच्या सत्ताधीशांनीही त्यात भर घातली. ज्या पाथरवटांनी पिढ्यान्‌पिढ्या हा खडक फोडला, त्यांची नावे मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत, आणि म्हणूनच छिन्नीच्या या खुणांपाशी थोडे थांबायला हवे.

१२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरांनी आपल्या ग्रंथाच्या शेवटी न्यायी राजा म्हणून ज्याचा गौरव केला, त्या रामचंद्रदेवावर सहाच वर्षांनी अलाउद्दीन खलजी चालून आला. मुख्य सैन्य राजपुत्र शंकरदेवाबरोबर दूर गेले होते. गड वेढला गेला आणि इतिहासकार फरिश्ता लिहितो त्याप्रमाणे, धान्याची म्हणून घाईघाईने वर चढवलेली पोती उघडली, तेव्हा त्यांत मीठ निघाले. अशा अभेद्य डोंगरावर बसलेल्या राजाला शेवटी भुकेपुढे तह करावा लागला.

पुढे रामचंद्रदेवाचा जावई हरपाळदेव याचे बंड खलजींनी मोडले आणि यादवांचे राज्य संपले. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने येथे राजधानी हलवून तिला दौलताबाद नाव दिले, तर १३४७ मध्ये बहमनी सत्ता उभी राहिली.

किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या या विस्तीर्ण चौकात जुन्या देवळांचे खांब रचून मशीद उभारली गेली आणि आज तेथे भारतमातेची मूर्ती आहे. हात लावण्याइतक्या जवळून पाहिले, तर या खांबांवरची नक्षी अजूनही ओळखू येते.