पाणी काचेपर्यंत का पोचत नाही?

(दृश्य: डिचोलीजवळचा रस्ता, दुपार. कॅमेरा चालकाच्या बाजूने पुढच्या काचेतून.)

उसगाव, डिचोली, साखळी. मार्च महिन्यात या पट्ट्यात गाडी तासभर उभी राहिली, तरी काचेवर बोटाने नाव लिहिता येतं. खनिजाच्या ट्रकांची धूळ आणि त्यात रस्त्याकडेच्या जांभ्याची भुकटी. संध्याकाळी पणजीच्या दिशेने निघालात तर सूर्य थेट डोळ्यांवर येतो. काचेवरचा तांबडा थर त्या उजेडात एकदम चकाकतो आणि पुढचा स्कूटरवाला दिसेनासा होतो. हात आपोआप वायपरकडे जातो. त्या वेळी पाणी आलं नाही, तर वायपरचं रबर कोरडी धूळच काचेवर घासत नेतं. त्यातले बारीक कण काचेवर जे ओरखडे काढतात, ते काच बदलेपर्यंत जात नाहीत. रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्याच ओरखड्यांवर फाकतात.

एक टाकी, एक लहानशी मोटर, हातभर रबरी नळी आणि काचेखाली दोन नोझल. गाडीतली ही सगळ्यात साधी यंत्रणा, आणि बहुतेक मालक तिच्याकडे सगळ्यात शेवटी बघतात.

(दृश्य: म्हापशातलं गॅरेज. पांढरी मारुती 800, बॉनेट उघडलेलं.)

मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात नवी 800 सुद्धा आता दहा वर्षांहून जुनी आहे. ही गाडी एका शिक्षकांची. रात्री ती मांद्र्याला, समुद्राच्या वाऱ्यात उभी असते आणि दिवसा डिचोलीच्या धुळीत फिरते. खारा वारा आणि तांबडी धूळ, दोन्ही तिच्या वाट्याला आलंय.

“मेस्त्री, पंप गेलाय. नवा घालून टाका.”

“सर, आधी एकदा दाबा बघू. इंजिन नको, नुसती चावी फिरवा.”

मेस्त्री कान बॉनेटजवळ नेतात. तपासणी इथून सुरू होते, कानाने. स्टिअरिंगजवळची दांडी ओढली आणि मोटरची घुर्र ऐकू आली, तर वीज पोचतेय आणि दोष पाण्याच्या वाटेत आहे. काहीच आवाज नाही, तर दोष विजेच्या वाटेत. हे एवढं ऐकलं की अर्धी गाडी तपासण्याचं काम वाचतं. तरीही मोटर मुकी दिसली की लगेच पंप बदलण्याची सवय फार पसरली आहे आणि त्यात चांगले पंप भंगारात जातात.

इथे आवाज नाही. टाकीत पाणी आहे, हे मेस्त्रींनी आधीच बघून घेतलंय. वायपर मात्र फिरतोय. पुष्कळ जुन्या गाड्यांत वायपर आणि पाण्याची मोटर एकाच फ्यूजवर असतात. वायपर फिरतोय म्हणजे तो फ्यूज शाबूत. आता बघायचं ते पंपाच्या कनेक्टरपर्यंत काय पोचतंय.

(दृश्य: जवळून. दोन तारांचा कनेक्टर, त्यात मीटरच्या पिना.)

शिक्षक दांडी ओढून धरतात. मीटरवर 12 व्होल्ट. बघणारा म्हणेल, वीज आली, पंप मेला. मेस्त्री मीटर बाजूला ठेवतात आणि भिंतीवरून दुसरं हत्यार काढतात: इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब, त्याला दोन तारा आणि टोकांना चिमटे.

मीटर स्वतः वीज जवळजवळ घेतच नाही. तार गंजून तिचा एकच धागा उरला असला, तरी मीटर खुशाल 12 दाखवतो. चोंदलेल्या नळाला दाब असतोच, तोटी सोडली की थेंब थेंब पडतं, तसंच हे. बल्ब मात्र पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, म्हणजे पंपासारखंच काम मागतो. चिमटे कनेक्टरला लावले, दांडी ओढली. बल्ब पेटला, पण काजळलेला. आतली तार नुसती लालसर झाली.

म्हणजे वाटेत कुठेतरी वीज अडते आहे. येण्याच्या वाटेवर, की परतीच्या? मेस्त्री एक चिमटा तसाच ठेवतात आणि दुसरा सरळ बॅटरीच्या ऋण टोकाला लावतात. बल्ब लख्ख! येणारी तार ठीक. दोष अर्थमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत जाणाऱ्या विजेच्या वाटेत.

पंपाची काळी तार बॉनेटखाली पत्र्याला जिथे स्क्रूने आवळलेली असते, तिथे खाऱ्या हवेने काम केलं होतं. तांब्यावर हिरवी पूड, स्क्रूखाली गंजाचा पापुद्रा. मेस्त्रींनी स्क्रू काढला, टोक कापून नवा लग, म्हणजे तारेच्या टोकाची धातूची कडी, दाबून बसवला, पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरने घासला, स्क्रू आवळून वर ग्रीसचा हात फिरवला. किनाऱ्याजवळच्या गाड्यांचं हे दुखणं नेहमीचं. दिवे मंद होणं, हॉर्न बसणं, यामागेही पुष्कळदा असाच एखादा स्क्रू असतो.

दांडी ओढली. घुर्र! जुनाच पंप.

पण पाणी एकाच नोझलमधून आलं, चालकाच्या नव्हे, शेजारच्या बाजूने. पहिल्या दोषाआड दुसरा लपलेला होता. जुन्या गाडीत हे फार घडतं, आणि पंप बदलून गाडी दिली असती तर मालक पुन्हा वैतागून परत आले असते.

पाण्याची वाट शोधायची ती शेवटाकडून. नोझलची नळी उपसली, दांडी ओढली: नळीतून जोरात धार. म्हणजे चोंदलंय ते नोझलच. इथेही पाणी नसतं, तर उलट्या दिशेने टी-जोडापर्यंत, म्हणजे नळीला दोन फाटे फुटतात तिथवर, आणि मग पंपाच्या तोंडापर्यंत जायचं. वाटेत पिळलेली नळी सापडते, कधी उंदराने कुरतडलेली. पंप घुरघुरतोय आणि त्याच्या तोंडाशीही पाणी नाही, तर टाकीतली जाळी गाळाने भरलेली असते.

(दृश्य: जवळून. नोझलच्या छिद्रात बारीक सुई.)

सुई हलक्या हाताने. छिद्र मोठं झालं तर फवाऱ्याचा जोर जातो. मग नोझलमधून उलटी हवा मारली, की विटकरी रंगाचा चिकट गाळ बाहेर येतो. हा गाळ टाकीतूनच येतो. झाकण सैल, त्यातून धूळ, वर विहिरीचं न गाळलेलं पाणी. त्यामुळे मेस्त्रींनी टाकी उतरवून धुतली आणि झाकण नीट बसतं का ते बघितलं.

“सर, पाणी गाळून घाला. कपड्यांचा साबण नको, फेस होतो आणि रंगावर डाग पडतात. काचेसाठी मिळतं तेच थोडं मिसळा. आणि टाकी रिकामी असताना दाबत राहू नका. कोरडा फिरला तर मात्र पंप खरोखरच जळेल.”

शेवटी सुईनेच नोझलचा गोळा किंचित वर वळवला. गाडी वेगात असताना वाऱ्याने धार खाली दबते, म्हणून उभ्या गाडीत ती काचेच्या मध्यापेक्षा थोडी वरच पडली पाहिजे. दांडी ओढली. दोन्ही धारा वर पडल्या, वायपरने काच पुसली. नवा पंप कपाटात खोक्यातच राहिला.