घोट्याजवळची जखम भरत नाही? आधी पट्टी कुठून बांधता ते सांगा!

नमस्कार जी मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच रडगाणं, "ताई, घोट्याजवळची जखम सहा महिने झाले, भरूनच नाही राहिली." घ्या, आज तेच.

अशी जखम बहुतेकदा पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्समुळे होते. ह्या शिरा फुगतात काऊन? विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल गळाला की पाणी पाइपातून खाली उतरते ना, तसंच. पायातल्या शिरांना झडपा असतात. त्या ढिल्या पडल्या की वर जाणारं रक्त खाली साचतं. वेड्यावाकड्या निळ्या शिरा, संध्याकाळी जड पाय, मग घोट्याच्या आतल्या बाजूला खाज, काळपट कातडी, आणि एक दिवस पराटी खरचटली की झाली जखम. हे तुम्हाला ठाऊकच आहे, पुढे चला.

"मलम कोणतं लावू?" अर्ध्या कमेंटी ह्याच. अरे बाप्पा, आतला दाब उतरल्याशिवाय मलम काय करणार? दाब उतरवते पट्टी. ती पायाच्या बोटांच्या मुळापासून सुरू करायची, टाच झाकायची, गुडघ्याखाली दोन बोटं थांबायची. घोट्याशी ताण जास्त, वर कमी होत जाणारा.

आमच्या मोठ्या बाबांचा पानठेला. दिवसभर उभे. पट्टी फक्त जखमेवर, पोत्याचं तोंड आवळावं तशी! संध्याकाळी पट्टीखालचं पाऊल सुजून पपई. मी बावीस वर्षं ड्रेसिंग केलं, आणि घरचेच ऐकत नाहीत.

वेळही पाहा. संध्याकाळी सूज आल्यावर बांधून काय उपयोग? सकाळी खाटेवरून उतरायच्या आधी बांधा. उतरलेच असाल तर पाय छातीपेक्षा उंच ठेवून अर्धा तास पडा, मग बांधा.

आणि एक दादा मेडिकलमधून नीकॅप आणून घालून बसले! तो गुडघ्याचा पट्टा आहे हो. मधेच आवळलं तर रक्त खालीच अडकणार. खालून वर, खालून वर, किती वेळा सांगू?

पण थांबा. शुगर आहे, बिडी ओढता, चालताना पोटरीत गोळे येतात, पाऊल थंड पडतं? मग आधी डॉक्टरांकडून पायाची नाडी तपासून घ्या. रक्त खालपर्यंत पोचतच नसेल तर घट्ट पट्टीने बोटं काळी पडू शकतात. कलर डॉपलर सोनोग्राफी करा, कोणती झडप गळते ते दिसते. ती शीर लेझरने बंद करता येते. नाहीतर भरलेली जखम पुन्हा उघडते.

जखमेवर तंबाखू, चुना, चुलीतली राख नको. उकळून थंड केलेल्या पाण्याने धुवा. फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर आडवं व्हा, पाय वर करा, स्वच्छ कपड्याने दाबून धरा आणि दवाखाना गाठा. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा.

एका ताईंनी विचारलं, "हा हत्तीपाय तर नाही?" आपल्याकडे तोही आहे, म्हणून तपासून घ्या. सिकलसेल ह्या रक्ताच्या आजारवाल्यांनाही घोट्याजवळ जखम होते, तेही डॉक्टरांना सांगा.

पट्टीसारखेच दाब देणारे मोजेही मिळतात, त्यावर कमेंट, "45 डिग्रीत मोजे कोण घालणार?" खरं आहे जी. झोपताना काढा, पण उभ्या कामाला घालाच. मोठ्या बाबांनी खाटेच्या पायथ्याशी विटा लावल्यात, पाय उंच राहतात. मोठी आई मात्र रोज कुरकुरते, झोपेत उशीकडे घसरते म्हणून.