शेवटचं कडवं

(सुरुवातीला नुसता कॅसेटचा आवाज. खरखर, ढोलकी, मग बायकांचा कोरस.)

हा जो आवाज ऐकताय ना, पुढच्या गायिकेचा नाही, तिच्या मागं "चल गं सखे, चल गं सखे" म्हणणाऱ्या चौघी आहेत बघा, त्यातली एक माझी आत्या. आणि हे गाणं लिहिलंय पण तिनंच. कॅसेटच्या कव्हरवर गीतकाराच्या जागी "पारंपरिक" छापलंय आणि कोरसचा तर विषयच नाही.

नमस्कार मंडळी. आपण आहोत सोलापुरात, अशोक चौकाच्या मागच्या बोळात. शेजारी टॉवेलचा कारखाना आहे, म्हणून व्हिडिओभर मागं खटाखट ऐकू येईल, सांभाळून घ्या. मला वाटलेलं की आत्या म्हणेल, या लूमच्या ठेक्यावर मला चाली सुचल्या, मस्त सीन होईल. तर ती म्हणाली, "काय सुचतंय त्या आवाजात, डोकं उठतंय." मग कधी लिहायचीस विचारलं तर म्हणे, लाईट गेल्यावर. लूम बंद पडायचे ना.

आता मराठीत एक घोळ आहे. पार्श्वगायिका म्हटलं की आपल्याला पडद्यामागून हिरोईनसाठी गाणारी मोठी गायिका आठवते. खरोखर मागं उभं राहून गाणारीला आपण नुसतं "कोरस" म्हणतो, म्हणजे माणूस पण कोरस आणि काम पण कोरस. पण त्याच्याआधीपासून आपल्याकडं चांगला शब्द होता, झील. पोवाड्यात शाहिरानं ओळ टाकली की मागचे "जी जी रं जी" करून उचलतात ते झीलकरी. शाहीर दम घेतो तेवढ्यात गाणं खाली पडू द्यायचं नाही, हे त्यांचं काम. बार्शीचे अमर शेख असोत नाहीतर आणखी कोणी, मागं झील कच्ची असली तर पुढचा कितीही पहाडी आवाजाचा असू दे, धाप लागणारच.

आत्या झील धरायला शिकली गल्लीतल्या भजनी मंडळात. मग मेळे, लग्नं, जयंतीचे कार्यक्रम. गड्ड्याच्या जत्रेवर तिनं एक गाणं केलं, संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात, त्यावर. मुखडा असा:

चल गं सखे गड्ड्याला,
पैसे बांध पदराला.

लई चाललं ते गाणं. इतकं की एका कॅसेटवाल्यानं विचारलं, मुंबईला येता का. 1991 साल. रात्रीच्या गाडीनं गेली, सोबत कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आणि डोक्यात एकच, की आपण गाणार. तिथं गेल्यावर कळलं की गाणं दुसरी बाई गाणार आहे, तुम्ही कोरसला थांबा.

थांबली. आणि इथून पुढं बारा-तेरा वर्षं ती कोरसलाच थांबली, येऊनजाऊन.

ते काम कसं चालायचं हे तिच्याकडून ऐकण्यासारखं आहे, कारण आपल्याला वाटतं मागं आ-ऊ करायला काय लागतंय. चौघींना मिळून एक माईक. ज्याचा आवाज मोठा त्याला मागं सरकवायचं, म्हणजे सगळ्यांचा मिळून एक आवाज लागतो. आत्याचा आवाज मैदानात तयार झालेला, तिला सरकवत सरकवत पार दारापर्यंत नेली होती. हरकत, मुरकी, म्हणजे गळ्यातली नक्षी, काही घ्यायची नाही. श्वास सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही, एकीनं घेतला की दुसरीनं धरून ठेवायचा, तरच सूर तुटत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, ओळीच्या शेवटी "स" आला तर तो एकीनंच म्हणायचा, बाकीच्यांनी आधीच तोंड मिटायचं, नाहीतर चौघींचा स्स्स मिळून कुकरची शिट्टी वाजल्यासारखं होतं. तो "स" आत्याकडं असायचा. "सगळ्या कॅसेटी काढ," म्हणते, "शेवटचा स माझा हाय."

आता एकच गायिका आठ वेळा गाते आणि कॉम्प्युटरवर थर लावतात. असो.

तर ते गाणं. जुने शाहीर शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव घालायचे. आपल्या सोलापूरचेच राम जोशी, पेशवाईतले, ते "कविराय" म्हणून छाप सोडायचे. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी "वामन" येतो. म्हणजे कागद हरवू दे, कव्हर फाटू दे, गाणाऱ्याच्या तोंडात कवीचं नाव राहतंच. आत्यानं पण चौथ्या कडव्यात तिचं नाव घातलेलं. पण कॅसेट साठ मिनिटांची, एका बाजूला तीसच मिनिटं, तेवढ्यात पाच गाणी बसवायची. ऑपरेटरनं घड्याळ बघितलं आणि चौथं कडवं गेलं. वाईट हेतूनं नाही हां, टेपच संपत होती. पण गेलं ते गेलं. सही केलेल्या कागदावर तिला तेव्हा दीडशे रुपये मिळाले, गाण्याचे आणि लिहिल्याचे धरून.

2012 ला कॉपीराइट कायदा बदलला. गीतकाराला रॉयल्टीतला वाटा मिळालाच पाहिजे आणि तो वाटा कंपनीला लिहून देऊन टाकता येत नाही, असं त्यात आलं. हे चांगलंच झालं. पण त्याच दुरुस्तीत सिनेमाबद्दल एक बारीक ओळ आहे, की ज्याचं काम किरकोळ आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठंच देत नाहीत, त्याला बहुतेक हक्कांसाठी कलाकार धरायचं नाही. आत्याची तर कॅसेट होती, सिनेमा नाही, पण मी ते तिला वाचून दाखवलं. शेंगा निवडत होती. म्हणाली, "म्हणजे नाव दिलं नाही म्हणून हक्क नाही, आन् हक्क नाही म्हणून नाव देत नाहीत. गड्ड्यातला पाळणाच की रे हा."

शूटिंगच्या दिवशी मी म्हटलं, ते चौथं कडवं म्हण की. तर एकटी म्हणायला तयार नाही. शेजारच्या दोघींना हाक मारली, एक तेलुगू बोलणारी, एक कानडी, दोघींना मागं उभं केलं, आणि "स आला की तोंड मिटा" एवढंच शिकवलं. पहिला टेक कुत्र्यानं घालवला. दुसऱ्याला मीच मध्ये खोकलो. तिसऱ्याला नेमकी लाईट गेली, लूम थांबले, आणि तिनं मला हातानंच खुणावलं, चालू ठेव.

आता मी गप्प बसतो. ऐका.

(चौथं कडवं. नुसता आवाज.)