थिबा राजवाड्यातलं भूत

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणात भुतांना तोटा नाही. मुंज्या पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, ज्याची त्याची जागा ठरलेली. रत्नागिरीत मात्र एक परदेशी भूत आहे आणि त्याला राहायला तीन मजली राजवाडा आहे. थिबा राजवाड्यात रात्री राजा फिरतो, वरच्या मजल्यावर पावलं वाजतात, असं इथं सांगतात. वाड्यात आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिकीट काढून दिवसा जाता येतं. सोमवारी ते बंद असतं, त्या दिवशी राजाला वाडा मोकळा!

मी गेले ती ऐन पावसाळ्यात. तळमजल्यावर जुन्या दगडी मूर्ती आहेत, त्या बघत होते. एवढ्यात वर काहीतरी धाडकन आपटलं. सोबतची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. जांभ्याचं बांधकाम, उतरतं छप्पर, वर अर्धवर्तुळाकार सागवानी खिडक्या आणि समोरून खाडीचा वारा. एखादं दार वाजलं असणार. पण ‘वारा होता’ म्हणून कोणाचं समाधान होतं?

माझं म्हणणं असं की, हे भूत नुसतं आवाजांतून आलेलं नाही. त्याच्यामागे कागदोपत्री असलेली एक हकीकत आहे आणि ती पावलांच्या आवाजापेक्षा जास्त अस्वस्थ करणारी आहे.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. फार साधा माणूस होता असं समजू नका. तो गादीवर बसल्यावर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या कित्येक नातलगांची कत्तल झाली होती. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजा-राणीला बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी. त्या वेळी इथं रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात समुद्राची वाटही बंद. राजाला लोकांच्या नजरेआड ठेवायला याहून सोयीचं गाव कुठलं? बहादूरशहा जफरला याच इंग्रजांनी दिल्लीहून ब्रह्मदेशात, रंगूनला नेलं होतं, तो तिथंच १८६२ मध्ये वारला. एका बादशहाला तिकडे, एका राजाला इकडे, असा हा व्यवहार.

हा राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली जेमतेम सहा वर्षं राजा इथं राहिला. मागच्या बाजूला त्याची बुद्धमूर्ती आहे, ती जरूर पाहा. धाकटी राणी १९१२ मध्ये गेली, राजा १९१६ च्या डिसेंबरात.

आणि आता ऐका. थोरली राणी सुपयालत हिनं राजाला इथल्या मातीत पुरू द्यायला नकार दिला. शव मायदेशी न्यायचं, हा तिचा हट्ट. सरकार परवानगी देईना, राणी ऐकेना. दोन वर्षांहून जास्त काळ शवपेटी वाड्याच्या आवारातच राहिली. शेवटी १९१९ मध्ये सरकारनं राणीच्या मर्जीविरुद्ध दफन उरकलं, आणि मग राणीला ब्रह्मदेशी जायची मुभा मिळाली. ती गेली, राजाला इथं ठेवून. ज्या गावात दहावा-तेरावा चुकला तर माणूस घुटमळतो असं मानतात, त्या गावानं हे सगळं पाहिलं. तिथं राजाचं भूत झालं नसतं तरच नवल!

थोरल्या राजकन्येचं वाड्यावरच्या गोपाळ सावंत या पहारेकऱ्यावर मन बसलं होतं. तीही आईबरोबर गेली, पण रत्नागिरीला परत आली आणि गरिबीत इथंच वारली. तिची मुलगी टूटू अस्सल रत्नागिरीकर म्हणून वाढली, मराठी बोलली, हलाखीत जगली. राजाची नात आपल्या गल्लीत राहते याचं कोणाला फारसं काही वाटलं नाही. भुताची चौकशी मात्र सगळे करत राहिले. मला याचा राग येतो, खरं सांगते.

२०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला येऊन राजाच्या समाधीवर नतमस्तक झाले. आपल्याकडचे पर्यटक मात्र राजवाडा बघतात, थिबा पॉइंटवर सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि गाडी गणपतीपुळ्याकडे वळवतात. समाधी शहरातच, शिवाजीनगर भागात आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘थिबा’ म्हणालात तर तो राजवाड्यावर सोडेल, तेव्हा ‘थिबाची समाधी’ असं स्पष्ट सांगा. नमस्कार.